भामावहिनीने जे दिलं ते

माझ्या वहिनीने माझ्या भावाचा जीव कसा वाचवला ते मी सांगणार आहे, आणि सांगताना गू हा शब्द वापरणार आहे. ज्यांना तो चालत नाही त्यांनी इथेच थांबावं. आमच्या घरातही तो चालला नाही, आणि त्यापायी माझा भाऊ दुसऱ्यांदा मरायला टेकला होता.

भामा ही हरेशची बायको. हरेश माझा मधला भाऊ, त्याच्या वरचा कमळाकर दादा, आणि शेंडेफळ मी, रंजिता. आम्ही पनवेलजवळच्या एका गावातले आगरी. मी लग्न होऊन खांदा कॉलनीत आले, शाळेत विज्ञान शिकवते. भाऊ गावातच राहिले. जमिनी विमानतळाला गेल्या, जे आलं त्यातून दोघांनी खडी-वाळूचा धंदा काढला, दुमजली घर बांधलं आणि वरची एक अख्खी खोली पिण्यासाठी राखून ठेवली. देवघराला मात्र जिन्याखालची जागा मिळाली.

वहिनी उरणकडची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. घरात पैसा आला तरी तिने काम सोडलं नाही. गोवा हायवेवर कर्नाळ्याच्या अलीकडे एक खानावळ आहे, तिथल्या तांदळाच्या भाकऱ्या आजही तिच्याच हातच्या असतात. तोंडाने फटकळ. रिक्षावाल्यापासून सरपंचापर्यंत तिच्या शिव्या सगळ्यांनी खाल्ल्या आहेत. एकदा तिने त्या वरच्या खोलीतल्या सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. पुरुष हसले, कोणीतरी मोटरसायकल काढली आणि नव्या बाटल्या आल्या. ओरडून ओरडून तिचा घसा बसला तरी घरात तिचं ऐकणारं कोणी नव्हतं. भामा बोलतेच अशी, म्हणायचं आणि ताट पुढे ओढायचं. ती स्वतः जेवायची सगळ्यांचं झाल्यावर. मटण पुरुषांच्या ताटात संपलेलं असायचं, मग भाकरी, पालेभाजी, डाळ आणि भाजलेली सुकट.

आता हरेशबद्दल. हरेश वाईट माणूस नाही. त्याने कधी तिच्यावर हात उगारला नाही. पण वाईट नसणं एवढ्यावर बायकांनी समाधान मानावं असं ज्यांना वाटतं, त्यांचं मला कधी पटलं नाही.

आमच्याकडे हळदीला घेतलेली दारू मोजत नाहीत. लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद म्हणजे मटण, डीजे आणि बाटल्या. त्या दिवशी पितो तो पिणारा नव्हे, तो पाहुणा. जत्रेची मोजत नाहीत, ती देवीची. बारशाची नाही, साखरपुड्याची नाही, नव्या गाडीची तर नाहीच. गावाने मध्ये एकदा हळदीत दारूबंदीचा ठराव केला होता. ठराव एकमताने झाला, आणि एकमताने झाला या आनंदात सगळे प्यायला बसले.

लग्नसराईत आमच्या पंचक्रोशीत हळद नसलेला दिवस शोधावा लागतो. हरेश सगळीकडे जायचा, कारण नाही गेलं तर माणसं तुटतात. आणि पनवेलच्या डॉक्टरने विचारलं, दारू पिता का, की छातीवर हात ठेवून सांगायचा, नाही हो, कधीतरी हळदी-बिळदीला. तो खोटं बोलत नव्हता, हेच तर डोकं फिरवणारं आहे. त्याला खरोखर वाटायचं की आपण पीत नाही.

एकदा त्या दवाखान्यात वहिनीही सोबत होती. ती म्हणाली, "डाक्टर, ह्यांची हलद रोज असते."

दादाने तिला तिथेच दाबलं. "मानसं बोलतान तवा बायकांनी मदी बोलू नये."

डॉक्टर हसला आणि त्याने पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. बाई काय सांगते आहे ते पुन्हा एकदा विचारायला त्याची जीभ झडली नसती. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

गेल्या उन्हाळ्यात, लग्नं संपता संपता, हरेशचे डोळे पिवळे झाले. दादाने त्याला आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्याने हातांना चुना चोळला, परातीतलं पाणी पिवळं झालं, सगळे खूश होऊन घरी आले. मग पोट फुगलं. मग तो असंबद्ध बडबडायला लागला. वहिनीचा मला फोन आला, "रंजू, ये. ह्ये मना वलखत नाय." दादा अजून एका वैदूचा पत्ता शोधत होता. आम्ही दोघींनी त्याला उचलून रिक्षात घातलं आणि बेलापूरच्या पुढच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे लिव्हरच्या डॉक्टर होत्या विनिता मॅडम. वयाने माझ्याहून लहान, पण बोलणं स्पष्ट. त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. बरेचसे कामाचे असतात, अन्न पचवायला मदत करतात, आतड्याचं अस्तर धड ठेवतात. दारू सतत पोटात गेली की कामाचे कमी होतात, नाठाळ माजतात आणि अस्तर गळकं होतं. मग त्या नाठाळांचं विष रक्तात झिरपतं, आणि आतड्यातलं रक्त थेट जातं लिव्हरकडे. दारूने आधीच सुजलेल्या लिव्हरला हा दुसरा मार बसतो. सारखीच पिणाऱ्या दोघांत एकाचं लिव्हर जातं आणि एकाचं टिकतं, त्यातही या जिवाणूंचा हात असतो.

मी वर्षानुवर्षं पोरांना यकृताची आकृती काढायला लावते आहे. हे मला माहीत नव्हतं.

हरेशच्या अंगातला जंतुसंसर्ग नुकता कुठे आटोक्यात आला होता, त्यामुळे स्टिरॉइड द्यायला मॅडम धजत नव्हत्या. लिव्हर बदलायला ना देणारा होता ना वेळ. उरला एकच उपाय. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, तपासायची, मिठाच्या पाण्यात कालवून गाळायची, आणि नाकातून आतड्यापर्यंत घातलेल्या नळीवाटे आठवडाभर रोज द्यायची. त्यातून चांगले जिवाणू पुन्हा वस्तीला येतात.

"हमी देत नाही," मॅडम म्हणाल्या. "यावर अजून अभ्यास चालू आहे. काहींना फायदा होतो, सगळ्यांना होत नाही. आणि बरे झाले तरी लिव्हर तेच राहणार, दुखावलेलं. पुन्हा दारू घेतली तर मग माझ्याकडे काही उपाय नाही. हे आधीच सांगून ठेवते."

दादाही एव्हाना हॉस्पिटलात येऊन बसला होता. त्याने मला विचारलं, "विष्ठा मंजे?"

"गू, दादा."

तो उठून बाहेर गेला. आत भाऊ मरत होता आणि हा व्हरांड्यात जाऊन थुंकत होता.

देणारा कसा हवा तेही मॅडमनी सांगितलं होतं. दारू न पिणारा, साखर नसलेला, गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक न घेतलेला, पोटाची कसलीही तक्रार नसलेला. मी दाढेसाठी गोळ्या घेतल्या होत्या, मी बाद. दादाला साखर आहे, बाकीचं काय सांगायचं. वहिनी म्हणाली, "माझा घ्या."

दादा आत आला. "बायकोचा? बापयाच्या पोटात बायकोचा गू? गावात तोंड दाखवाला जागा ऱ्हायल का?" आणि जरा थांबून म्हणाला, "घालायचाच तं आपल्या घरान्याचा घाला. परेश देल."

परेश दादाचा मुलगा. मॅडमनी सांगून पाहिलं की इथे रक्ताच्या नात्याची गरज नाही, घराण्याचा काही संबंध नाही. दादा ऐकेना. ज्या घराण्यात न पिणारा पुरुष औषधालाही सापडत नव्हता, त्याच घराण्याचा गू पाहिजे म्हणून तो अडून बसला. त्यात अख्खा एक दिवस गेला. हरेशच्या डोळ्यांचा पिवळा रंग त्या दिवसात आणखी गडद झाला, आणि मी दादाला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

परेश आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्याला पुढे महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं आहे, त्यामुळे तो हॉस्पिटलातही नमस्कार करत येतो. मॅडमनी विचारलं, "दारू?"

"नाही मॅडम."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं त्याने. मॅडम पुढचा प्रश्न विचारणार, एवढ्यात वहिनी म्हणाली, "शनवारी कुटं होतास रे?"

"हलदीला."

"मंग हलदीला काय दूध पिलास?"

परेश मनापासून गोंधळला. "काकी, हलदीची ती काय दारू झाली?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. दादा गुरगुरला, "भामा, गप ऱ्हा."

"नाय ऱ्हात," वहिनी म्हणाली. "तवा डाक्टरकडं गप ऱ्हायले म्हनून आज हितं बसले. तुमच्या घरान्याचा गू तुमी ठेवा. ह्ये माझे हायत, मी देनार."

सही बायकोची लागत होती. तिने ती केली, आणि दादाकडे पाहिलंही नाही.

तिच्या रक्ताच्या, विष्ठेच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. मॅडमनी तिला विचारलं, रोज काय खाता? लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हा प्रश्न तिला कोणी विचारला नसेल. ती मला नजरेने विचारायला लागली, खरं सांगू का म्हणून. मग सांगितलं, भाकरी, पालेभाजी, डाळ, सुकट, असलं तर ताक. मॅडम म्हणाल्या, उत्तम, तेच खात राहा.

हरेश त्या संध्याकाळी जरा शुद्धीत होता. वहिनीने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुजा नको."

"मंग मरा," वहिनी म्हणाली.

तो रडायला लागला. रडत रडत कबूल झाला, पण एका अटीवर. "गावात कोनाला बोलू नको. माझी शपथ हाय तुला."

आमच्याकडे ज्याची शपथ घातली ती मोडली की तो माणूस मरतो असं मानतात. वहिनीने मान डोलावली. नाकात नळी, डोळे हळदीसारखे, उद्याचा भरवसा नाही, आणि या माणसाला काळजी कसली तर गाव काय म्हणेल. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती, हे मी लपवणार नाही.

रोज सकाळी वहिनी हॉस्पिटलने दिलेला झाकणाचा डबा घेऊन आत जायची आणि बाहेर येताना शिव्या देत यायची, हरेशला, दादाला, त्या डब्याला. नर्सेस हसायच्या, पण त्या हसण्यात आपुलकी होती. आठवडा झाला. मग वाट पाहणं. हळूहळू त्याची बडबड थांबली, भूक लागायला लागली, डोळे निवळले. एका सकाळी त्याने वहिनीला नावाने हाक मारली. ती म्हणाली, "आता कशाला आठवली?" आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

तो घरी आला. दारू सुटली होती, पोट उतरलं होतं. मला वाटलं, संपलं.

पण गावाला प्रश्न होता, हरेश मेला कसा नाही? दादाने काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं, परेशने दिलं. काय दिलं ते सांगितलं नाही. गावाने स्वतःच भर घातली, आणि महिन्याभरात परेशने काकाला अर्धं लिव्हर दिलं असं झालं. दादाने ते खोडलं नाही. परेशने तर त्याचा फ्लेक्स लावला. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ मी स्वतः पाहिला. हात जोडलेला परेश, खाली बारक्या अक्षरांत पंधरा-वीस शुभेच्छुक, आणि वर मोठ्या अक्षरांत: काकांना स्वतःचं लिव्हर देणारा लाखात एक पुतण्या. मी भर रस्त्यात थांबून शिवी दिली. शाळेतली एक पालक बाजूलाच उभी होती, तिने ऐकलं.

श्रेय चोरलं याचा राग होताच. बाईचं सगळंच घेता, भाकरी घेता, कष्ट घेता, आता गूसुद्धा तुमचाच? पण त्याहून भयंकर पुढेच होतं. गावातला प्रत्येक जण हरेशला म्हणायला लागला, आता कसली भीती, नवीन कोरं लिव्हर आहे. हळदीच्या आमंत्रणांना पुन्हा जोर आला. लोक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, जुनं खराब केलंस, आता नव्याला जरा वळण लाव. हरेश हसायचा. खरं सांगायची त्याची छाती नव्हती, आणि न सांगता नाही म्हणायलाही कारण उरलं नव्हतं. ज्याचं लिव्हर नवं त्याने पेला का नाकारायचा? मॅडमनी सांगितलेलं मला पाठ होतं. प्यायला तर उपाय नाही.

मी दादाशी भांडले. तो म्हणाला, "झाला ना बरा, आता कशाला उकरतंस?" मी वहिनीला म्हटलं, तू सांग, नाहीतर मी सांगते.

तिने माझा हात धरला. "शपथ हाय, रंजू."

"वहिनी, शपथेने माणूस मरत नाही. दारूने मरतो."

"मना कलतंय. पन मी बोलले आन ह्यांना काय झाला, तं तुजा विग्यान मना परत आनून देल का?"

तिने मलाही तोंड उघडू दिलं नाही.

मग परेशचा सत्कार ठरला. रविवारी दुपारी, गावच्या मैदानात मांडव घालून. शाल, श्रीफळ, भाषणं. एक जण म्हणाला, अशी पोरं जन्माला यायला पुण्याई लागते. परेश खाली मान घालून हात जोडून उभा, जणू लाजतोय. हरेशला त्याच्या शेजारी खुर्ची. वहिनी मांडवाच्या मागे बायकांत, चुलीवर, भाकऱ्या थापत. सत्काराच्या जेवणाच्या भाकऱ्याही तिनेच करायच्या होत्या.

भाषणं संपली तशा बाटल्या निघाल्या. दादाने एक पेला भरला, मंचावर आला आणि सगळ्यांसमोर हरेशच्या हातात दिला. "घे. परेशच्या लिव्हरच्या नावाने."

टाळ्या पडल्या. हरेशने पेला घेतला. मी खुर्चीवरून उठले, पण माझ्या आधी वहिनी तिथे पोचली होती. हाताला पीठ तसंच. तिने निवेदकाच्या हातातून माईक घेतला. तो पोरगा इतका दचकला की त्याने दिलाही.

"परेश," ती म्हणाली, "शर्ट काढ."

लोकांना वाटलं गंमत आहे. कोणी शिट्टी मारली.

"काकाला लिव्हर दिलास ना? मंग पोटावर काप असल. टाके असतील. दाव सगल्यांना."

परेशने बापाकडे पाहिलं. दादा ओरडला, "भामा, खाली उतर!"

"काप नाय," वहिनी म्हणाली, "कारन ह्यानी काय दिलाच नाय. दिला तो मी. लिव्हर नाय दिला, गू दिला. माझा गू, आठवडाभर, रोज, डब्यात भरून. ह्यांच्या पोटात नवीन काय नाय. जुनाच लिव्हर हाय, दारूनी सडवलेला, आन त्याला सावरलाय तो माझ्या गूनी. आता ज्याला त्याच्यावर दारू ओतायची असल त्यानी माझ्या डोल्यात बघून ओता."

तिचा आवाज चिरकत होता, पण ती थांबली नाही.

"ह्यांनी मना शपथ घातली होती. बोलले तं ह्ये मरतील. आज मोडली. शपथ पालून मरनारच होते, मंग मोडून काय व्हायचा तो होवं दे."

हरेशच्या हातातल्या पेल्यातली थोडी दारू त्याच्या नव्या शर्टावर सांडली. तो कोणाकडेच बघत नव्हता. मग त्याने पेला दादाच्या हातात परत दिला.

"खरा हाय," तो म्हणाला. "हिचाच हाय."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा. एकाने नाक दाबून दाखवलं, आणि मग अख्खा मांडव हसायला लागला, पोरंटोरं, म्हातारे, फ्लेक्सवरचे शुभेच्छुक, सगळे. हरेशचा चेहरा लाल झाला. मला रडू फुटलं, रागाने. मी वहिनीला खाली ओढायला पुढे गेले, पण तिने माझा हात झटकला आणि माईक पुन्हा तोंडाशी धरला.

"हसा," ती म्हणाली. "ह्ये मेले असते तं तुमी सगले रडाला आला असतात. त्यापरीस हसा."